आधी बोटी मोजा, मग खोल समुद्र खुला करा

समुद्राच्या प्रश्नावर नागपुरातून बोलणं थोडं विचित्र वाटेल. पण महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे, आणि हिवाळी अधिवेशनही इथेच भरतं. केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये 12 सागरी मैलांपलीकडच्या, 200 मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियम काढले. यांत्रिक बोटींना पास, सहकारी संस्थांना प्राधान्य, एलईडी दिव्यांवरच्या आणि दोन बोटींनी ओढायच्या जाळ्यांच्या मासेमारीला बंदी, हे सगळं चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की खोल पाण्यातल्या कोळंबीवर किती ट्रॉलर सोडायचे हा आकडा पहिल्या पासाआधी ठरावा. नंतर तो ठरत नाही. बोट बांधून झाली, कर्ज डोक्यावर बसलं, की तिला बंदरात थांबवणं कुठल्याही सरकारला जड जातं.

जवळच्या पाण्यात हेच झालं. ट्रॉलरच्या जाळ्याचं तोंड दोन जड फळ्या उघडं धरतात आणि मागचा खोळा तळ घासत जातो. ओढ बसली की तिरक्या आसाची, म्हणजे जाळ्याच्या विणीतली, भोकं मिटतात. मग करंदीबरोबर बोटभर पापलेटं, बोंबलाची पिल्लंही वर येतात. विक्रीला न चालणारा माल सुकून कोंबडीखाद्यात जातो. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो, म्हणून तर 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसाचा आग्रह. राज्याचा सागरी मासेमारी कायदा 1981 चा, दंड वाढले 2021 मध्ये. बोटी मात्र आधीच पाण्यात होत्या.

खोलातलं गणित आणखी अवघड. केरळात कोल्लमसमोर समुद्र पटकन खोल होतो, म्हणून 1999 च्या सुमारास तिथे खोल समुद्रातल्या कोळंबीचा धंदा उभा राहिला. मुंबईसमोरचा उथळ पट्टा 200 किलोमीटरहून रुंद. 300 मीटर खोली गाठायची तर निम्मी कमाई डिझेलच खाणार, आणि खर्च भरून काढायला जाळं जास्त वेळ तळावर राहणार.

किनारा ओस पडला, मग कोळ्यांनी जायचं कुठे, हा आक्षेप खरा आहे. पण आकडा न ठरवता दार उघडलं तर आत शिरेल तो मोठ्या भांडवलाचा ट्रॉलर, मुंबईतल्या वेसाव्याच्या कोळ्याची बोट नव्हे. आपण गेलो नाही तर परदेशी जातील, हेही ऐकू येतं. 1976 च्या कायद्याने हा 200 मैलांपर्यंतचा पट्टा आपला आहे. परदेशी भागीदारीतल्या बोटींचे परवाने बंद करण्याची शिफारस केंद्राने नेमलेल्या मुरारी समितीने 1996 मध्येच केली होती. परदेशी बोट रोखायला गस्त लागते. त्यासाठी आपले आणखी शंभर ट्रॉलर कशाला?

आणि आपण नियम उशिरा पाळले, तर बाजार आपल्यासाठी थांबत नाही. जाळ्यात कासव निसटायची वाट नाही, एवढ्या कारणावरून अमेरिकेने 2019 मध्ये आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. ती वाट म्हणजे खोळ्याआधी बसवायची एक तिरकी लोखंडी जाळी आणि तिच्यावरचं झाकण.