ध्रुवीय इतिहास, टपाल तिकिटे आणि कोरीव मुद्रणाचा प्रश्न

नवी दिल्ली : टपाल कार्यालय कायदा, २०२३ हा १८ जून २०२४ पासून देशात अमलात आला आणि १८९८ सालचा जुना कायदा इतिहासजमा झाला. जुन्या कायद्याने पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारी टपाल खात्याला दिला होता. नव्या कायद्यात तो अधिकार उरलेला नाही. मात्र टपाल तिकिटे काढण्याचा अधिकार आजही एकट्या टपाल खात्याकडेच ठेवण्यात आला आहे. पत्रवहनाची मक्तेदारी गेली, तिकिटाची राहिली. त्यामुळे या अधिकाराचा वापर कसा होतो, कोणत्या विषयांवर तिकिटे निघतात आणि ती कशी छापली जातात, या प्रश्नांना पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे. भारताच्या ध्रुवीय संशोधनाचा इतिहास आणि कोरीव मुद्रणाची कला हे दोन विषय या दृष्टीने एकत्र पाहण्याजोगे आहेत.

कायदा अमलात येण्याच्या काही आठवडे आधी, ५ एप्रिल २०२४ रोजी, अंटार्क्टिकातील 'भारती' या भारतीय संशोधन केंद्रावर टपाल कार्यालयाची शाखा सुरू झाली. महाराष्ट्र टपाल परिमंडळाचे मुख्य पोस्टमास्तर जनरल के. के. शर्मा यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे तिचे उद्घाटन केले. या शाखेला प्रायोगिक स्वरूपात 'एमएच-१७१८' हा पिनकोड देण्यात आला. हिमखंडावरील कार्यालयाच्या पत्त्यात महाराष्ट्राची आद्याक्षरे यावीत याचे अनेकांना नवल वाटले, पण त्यामागचे कारण प्रशासकीय आहे. भारताच्या ध्रुवीय मोहिमांचे संचालन गोव्यातील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होते आणि गोवा हे महाराष्ट्र टपाल परिमंडळाचाच भाग आहे. पत्रे गोव्यातून मोहिमेबरोबर दक्षिणेकडे जातात, तेथे त्यांच्यावर शिक्का उमटतो आणि वर्षातून एकदा ती परत येतात.

ही परंपरा चार दशकांची आहे. डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी 'पोलर सर्कल' या नॉर्वेजियन जहाजातून गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली. तिसऱ्या मोहिमेच्या काळात 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले केंद्र उभे राहिले आणि १९८४ साली तेथे टपाल कार्यालय स्थापन झाले. पहिल्याच वर्षी सुमारे दहा हजार पत्रांवर तेथील शिक्का उमटला, अशी नोंद आहे. पुढे हे केंद्र बर्फाखाली गाडले गेले आणि १९९० साली ते बंद करण्यात आले. टपाल कार्यालय मग शिरमाखर ओॲसिसमधील 'मैत्री' केंद्रावर गेले. मैत्री आणि भारती यांच्यात सुमारे तीन हजार किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही केंद्रे एकाच खंडावर असली तरी एकीचे टपाल दुसरीतून हाताळणे व्यवहार्य नव्हते. नव्या शाखेची गरज त्यातून निर्माण झाली.

तीनच प्रमुख टप्पे

या चाळीस वर्षांत टपाल खात्याने ध्रुवीय विषयावर किती तिकिटे काढली, याचा हिशेब करावयास फार वेळ लागत नाही. पहिल्या मोहिमेच्या स्मरणार्थ १९८३ साली एक रुपयाचे तिकीट निघाले. अंटार्क्टिका कराराच्या तिसाव्या वर्धापनदिनी, १९९१ साली, जोडतिकिटे निघाली. फिनलंड आणि चिली या देशांच्या पुढाकाराने अनेक देशांनी मिळून ध्रुवीय प्रदेश व हिमनद्या यांच्या संरक्षणासाठी तिकिटांचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा भारतानेही त्यात भाग घेऊन २००९ साली तिकिटे प्रसिद्ध केली. हे तीन प्रमुख टप्पे म्हणता येतील.

या तीन टप्प्यांच्या बाहेर राहिलेला इतिहास मोठा आहे. डॉ. गिरिराजसिंह सिरोही हे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवापर्यंत पोहोचले होते. डॉ. परमजितसिंग सेहरा यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत मोहिमेबरोबर अंटार्क्टिकातील हिवाळा अनुभवला. भारताने ऑगस्ट १९८३ मध्ये अंटार्क्टिका करारावर स्वाक्षरी केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला निर्णयाचा अधिकार असलेल्या सल्लागार देशाचा दर्जा मिळाला. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्ड द्वीपसमूहात 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून कार्यरत आहे. संसदेने २०२२ साली भारतीय अंटार्क्टिका कायदा संमत केला, त्याच वर्षी आर्क्टिक धोरणही जाहीर झाले, आणि मे २०२४ मध्ये कराराच्या सदस्य देशांची ४६वी सल्लागार बैठक कोची येथे पार पडली. राजनैतिक आघाडीवर इतके काही घडत असताना टपालाच्या चौकटीत त्याचे प्रतिबिंब क्षीणच राहिले आहे.

तिकीट आणि हक्काचा दावा

ध्रुवीय प्रदेशात तिकिटाचा अर्थ केवळ टपालखर्चापुरता कधीच नव्हता. अर्जेंटिनाने १९०४ साली दक्षिण ऑर्कनी बेटांवर टपाल व्यवस्था उभी केली. पुढे त्या प्रदेशावरील हक्काच्या वादात हा पुरावा म्हणून मांडला गेला. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, ग्रॅहम लँड व आसपासच्या प्रदेशांची नावे फॉकलंडच्या तिकिटांवर छापून घेतली. न्यूझीलंडच्या तिकिटांवर 'किंग एडवर्ड द सेव्हन्थ लँड' अशी अक्षरे छापून ती शॅकलटनच्या मोहिमेला १९०८ साली देण्यात आली होती. स्कॉटच्या मोहिमेला १९११ साली 'व्हिक्टोरिया लँड' ही अक्षरे असलेली तिकिटे मिळाली. तिकीट लावून शिक्का मारणे म्हणजे त्या भूमीवर आपले प्रशासन चालते असे जगाला सांगणे, हा त्यामागचा विचार होता.

१९५९ साली स्वाक्षऱ्या झालेल्या आणि १९६१ पासून अमलात आलेल्या अंटार्क्टिका कराराने हे सर्व दावे गोठवले. भारत तर दावेदारांच्या यादीत कधी नव्हताच. त्यामुळे मैत्री वा भारती येथील शिक्क्याचा अर्थ वेगळा ठरतो. तो मालकीचा शिक्का नसून उपस्थितीचा आणि सहभागाचा आहे. शोधमोहिमांचा गौरव करणाऱ्या युरोपीय तिकिटांहून भारताची ध्रुवीय तिकिटे कशी वेगळी असावीत, याचे उत्तर या फरकात सापडू शकते. झेंडा रोवणाऱ्या वीरापेक्षा बर्फाचा नमुना काढणारा शास्त्रज्ञ, हिवाळाभर केंद्र चालू ठेवणारा तंत्रज्ञ आणि पावसाळ्याशी ध्रुवीय हवामानाचा संबंध शोधणारे संशोधन हे आपले खरे विषय आहेत.

पोलादावर कोरलेली रेघ

जगातील उत्तम ध्रुवीय तिकिटांचा मोठा हिस्सा कोरीव मुद्रणाचा आहे, ही बाब लक्षणीय आहे. या पद्धतीत कारागीर मऊ पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर कोरणीने उलटे चित्र कोरतो. ठोकळा कठीण केल्यावर त्यावरील चित्र दाबाने रुळावर आणि रुळावरून छपाईच्या पत्र्यावर उतरवले जाते. शाई खाचांत भरून पृष्ठभाग पुसला जातो आणि जोरदार दाबाखाली कागद ती शाई उचलून घेतो. छापलेल्या रेषेवरून बोट फिरवले तर ती उंचावलेली जाणवते. १८४० सालचे जगातील पहिले टपाल तिकीट, 'पेनी ब्लॅक', याच पद्धतीने तयार झाले होते. नक्कल करणे अवघड, हे त्यामागचे मुख्य कारण होते.

अमेरिकेने १९३३ साली रिचर्ड बर्ड यांच्या अंटार्क्टिका मोहिमेसाठी काढलेले तीन सेंटचे तिकीट कोरीव होते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः संग्राहक असल्याने त्याच्या आराखड्यात त्यांनी लक्ष घातले होते. 'लिटल अमेरिका' तळावरून पत्र पाठवण्यासाठी संग्राहकांकडून पन्नास सेंट जादा आकारले जात. फ्रान्सच्या दक्षिणी व अंटार्क्टिक प्रदेशांसाठी १९५५ पासून तिकिटे निघत आहेत आणि त्यांत कोरीव तिकिटांची परंपरा जपली गेली आहे. १९५६ साली पोलंडमधून स्वीडनला आलेले चेस्वाव स्वानिया हे या कलेतील मोठे नाव. २००५ साली निधन होईपर्यंत त्यांनी एक हजाराहून अधिक तिकिटे कोरली. त्यांत ग्रीनलंडच्या तिकिटांचाही समावेश आहे. बर्फ, सावली आणि क्षितिज यांच्या चित्रणास बारीक समांतर रेषा विशेष अनुकूल ठरतात, असे जाणकार सांगतात.

भारतात चित्र वेगळे आहे. १८५४ साली कोलकात्याच्या सर्वेक्षण कार्यालयात कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली तिकिटे छापली गेली ती शिळामुद्रणाने. त्यानंतर सत्तर वर्षे तिकिटे लंडनच्या डे ला रू कंपनीकडून येत राहिली. नाशिकरोड येथे १९२५ साली सुरक्षा मुद्रणालय उभे राहिले आणि पुढील वर्षापासून तिकिटे तेथे छापली जाऊ लागली. नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त १९३१ साली निघालेली चित्रमय मालिका नाशिकचीच, पण तीही शिळामुद्रित. गांधीजींची १९४८ सालची प्रसिद्ध तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतली गेली. १९५२ साली संतकवींच्या मालिकेपासून नाशिकमध्ये फोटोग्रॅव्ह्युअर पद्धती आली आणि नंतर ऑफसेटचे युग सुरू झाले. कोचीसारख्या काही संस्थानांनी लंडनहून कोरीव तिकिटे मागवली, पण राष्ट्रीय टपाल तिकिटांत ही कला खऱ्या अर्थाने रुजलीच नाही.

कौशल्याचा अभाव हे त्याचे कारण म्हणता येणार नाही. नाना फडणीसांच्या काळात पुण्यातील तांबट कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरण्याची विद्या आत्मसात केली होती आणि १८०५ साली पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेत अशा पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. आजही नाशिकरोडलाच १९२८ साली सुरू झालेल्या चलनी नोट मुद्रणालयात कोरीव मुद्रणाची यंत्रे चालतात. नोटेवरील उंचावलेली छपाई दृष्टिहीन नागरिकांना बोटाने ओळखता येते, ती याच तंत्रामुळे. एकाच गावात नोट कोरीव आणि तिकीट सपाट, अशी ही स्थिती आहे.

दिल्लीतील निर्णयाची दिशा

कोणते तिकीट निघावे याचा निर्णय संसद मार्गावरील डाक भवनातून होतो. नागरिकांकडून व संस्थांकडून आलेल्या प्रस्तावांवर तिकीटविषयक सल्लागार समिती विचार करते आणि अंतिम मान्यता केंद्र सरकार देते. याच परिसरात १९६८ साली स्थापन झालेले राष्ट्रीय टपाल तिकीट संग्रहालय आहे. नव्या कल्पनांना दिल्ली परकी नाही. प्रगती मैदानावर फेब्रुवारी २०११ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात खादीवर छापलेले गांधीजींचे तिकीट प्रसिद्ध झाले होते. हस्तकलेला तिकिटावर स्थान देता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

याविरुद्ध मांडले जाणारे मुद्देही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. कोरीव तिकिटास वेळ अधिक लागतो आणि खर्चही. पोलादावर हाताने कोरणारे कारागीर जगभरातच कमी होत आहेत. नोंदणीकृत टपाल २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि पाकिटावर तिकिटाऐवजी संगणकीय पट्टी चिकटवण्याची सवय रूढ झाली आहे. अशा काळात संग्राहकांसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा, हा प्रश्न रास्त आहे.

तथापि याच युक्तिवादाची दुसरी बाजू अशी की, टपालखर्चाचे साधन म्हणून तिकिटाची गरज घटत असेल तर त्याचे मूल्य त्याच्या आशयात आणि कारागिरीतच उरते. ज्या गोष्टीचा उपयोग कमी होतो, ती निकृष्ट आणि विपुल काढण्यात अर्थ नाही. ती मोजकी आणि उत्तम असावी. टपाल खाते २०१७ पासून 'दीनदयाल स्पर्श' योजनेतून सहावी ते नववीच्या ९२० विद्यार्थ्यांना तिकीटसंग्रहासाठी वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती देते. या मुलांच्या हाती काय पडते, यावर या छंदाचे भवितव्य अवलंबून आहे.

संधीही समोर आहे. भारताच्या पहिल्या ध्रुवीय मोहिमेस जानेवारी २०३२ मध्ये ५० वर्षे पूर्ण होतील आणि २०३२-३३ हे पाचवे आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष म्हणून साजरे करण्याची तयारी जगभरातील वैज्ञानिक संस्था करीत आहेत. पोलादी ठोकळा कोरण्यास, कारागीर तयार करण्यास आणि नाशिकच्या दोन मुद्रणालयांत समन्वय साधण्यास एवढा अवधी पुरेसा आहे. दक्षिण गंगोत्री बर्फाखाली गेली. तिच्या शिक्क्याची पत्रे मात्र आजही संग्रहांत सुरक्षित आहेत. कागदाचा हा चिवटपणा लक्षात घेऊन डाक भवनाने निर्णय वेळेत घेतला, तर गोव्याहून निघणाऱ्या पुढच्या जहाजांतील पत्रांवर नाशिकमध्ये कोरलेले तिकीट दिसू शकेल.