रद्दीवाला येण्याआधी गठ्ठा सोडा!

निवृत्त प्राध्यापकांनो, संशोधकांनो आणि त्यांच्या लेकी-सुना-मुलांनो,

दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे. माळ्यावरचे गठ्ठे खाली येतील आणि थेट रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतील. त्यात जुना शोधनिबंध किंवा प्रबंधाची कार्बन प्रत असेल, तर कृपा करून थांबा.

मी ग्रंथपाल आहे. मागे एका निवृत्त बाईंनी त्यांची फाइल आणून दिली. टाचण्यांचा गंज कागदात उतरलेला, समास कसरीने खाल्लेले. पण गावच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदी शाबूत. तेव्हाच्या उन्हाळ्यातले पाणी आता कोण मोजणार? ती फाइल गेली असती, तर ते ज्ञान कायमचे गेले असते.

लोकांपर्यंत पोहोचले नाही, तर मोठे कामही झाकलेले राहते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी आपले कितीतरी गणिती शोध स्वतःच छापलेल्या पुस्तिकांतून मांडले. ६१७४ या संख्येची किमया शोधली तीही त्यांनीच. तरी जगभरच्या वाचकांपर्यंत त्यांचे नाव पोहोचले ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. कापरेकरांच्या हाती तेव्हा इंटरनेटचा मार्ग नव्हता. आपल्या हाती आहे.

गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र यांतले निबंध १९९१ पासून चालू असलेल्या ‘अर्काइव्ह’ (arXiv) या ऑनलाइन संग्रहात मोफत ठेवता येतात. जुने कामही चालते. मात्र तिथे नुसते स्कॅन घेत नाहीत, मजकूर टाइप करावा लागतो आणि नवख्या लेखकाला आधीच्या लेखकाची शिफारस लागू शकते. इतर विषयांसाठी आणि स्कॅनसाठी ‘सर्न’ ही संशोधन संस्था चालवत असलेले ‘झेनोडो’ हे संकेतस्थळ आहे. तेही मोफत, शिवाय निबंधाला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. पीएचडीचा प्रबंध असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी विचारा. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याचा यूजीसीचा नियम २००९ चा. त्याआधीचे प्रबंध आपणच पुढे आणायला हवेत.

चढवण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. नियतकालिकाची छापील पाने परवानगीशिवाय चढवू नका. अनेक प्रकाशक लेखकाची स्वीकृत प्रत ठेवू देतात, ते ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ (पूर्वीचे ‘शेर्पा रोमिओ’) या संकेतस्थळावर तपासता येते. सहलेखकांना विचारा. मूळ प्रकाशनाचे नाव आणि वर्ष ठळक लिहा. मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये आणा, नाहीतर शोधणाऱ्याला त्यातला एकही मराठी शब्द सापडणार नाही.

‘आता कोण वाचणार?’ असे म्हणू नका. त्याच गावात आज पाण्यावर काम करणारी एखादी विद्यार्थिनी नेमका तोच तक्ता शोधत असेल.

तरुणांनो, एक दुपार द्या. आजोबांशेजारी बसा, पाने स्कॅन करा, नोंद भरा. घरातले संशोधक हयात नसतील तर वारसांनी पुढे यावे. त्यांचे लेखनहक्क आता तुमच्याकडे असू शकतात. अडले तर जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे जा.

या दिवाळीत घरटी एक निबंध. आजच माळ्यावर चढा.

आपली,
एक ग्रंथपाल