कोरगुटाचा वाली कोण?

मांडवी-जुवारीच्या काठी चिखलात उभे असलेले तिवर हे झाड आपण रोज पाहतो व विसरतो. भुवनेश्वरच्या जीवविज्ञान संस्थेने तामिळनाडूतील एका विद्यापीठाच्या सहकार्याने २०२१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचून काढला. गुणसूत्रे ३१, अक्षरे सुमारे ४५ कोटी ६६ लाख. शोषलेल्या मिठापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास मीठ ते पानांवरील ग्रंथींवाटे बाहेर टाकते. ही विद्या भाताला शिकविता येईल काय, हा त्या खटाटोपामागील प्रश्न आहे.

प्रश्न रास्तच आहे. तथापि खाऱ्या पाण्याशी झुंजणारे भात आपल्या शेतकऱ्याने केव्हाच निपजविले आहे. बंगालच्या नोना बोक्रा या वाणातील, मुळांकडून वर चढणाऱ्या रसातले सोडियम काढून घेऊन पानांचे रक्षण करणारे जनुक २००५ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी हुडकून काढले. वाण बंगाली कुणब्याचे, शोधनिबंध शांघायचा! यात शांघायचा दोष नाही. ज्याला वाचण्याची इच्छा होती त्याने वाचले. आता २०२५ मध्ये सुरू झालेल्या काली निधीत, असल्या जनुकीय माहितीवर नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनी वाटा घालावा व निदान निम्मा पैसा मूलनिवासी व स्थानिक समाजांकडे जावा, असे ठरले आहे. पण वाटा देणे ऐच्छिक आहे. ऐच्छिक दानधर्मावर शेतकऱ्याने किती विसंबावे, हे सांगणे न लगे.

आमचे कोरगुट याच जातकुळीचे. जुने गोवे येथील कृषिसंशोधन संस्थेने त्यातून निवड करून गोवा धान १ व २ हे वाण दिले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु बी कितीही चिवट असले तरी त्याला खाजन हवे, आणि खाजनाला बांध व मानस. भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची दारे ही आपल्या पूर्वजांची विद्याच होती. गावकरीच्या काळी बांधाला भगदाड पडले की गाव धावून जाई. पुढे कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली. हे न्याय्यच झाले. बांधाची राखण मात्र कुळांच्या संघांकडे आली, आणि अनेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. मानशीतील मासळीचा लिलाव तेवढा नेमाने होतो. मासळीच्या लोभाने खारे पाणी अवेळी आत घेतले जाते, शेत पडीक पडते, आणि त्यात तिवर रुजते. एकदा ते वाढले की तोडण्यास कायद्याची आडकाठी! ज्याच्या जनुकांतून उद्याचे भात घडवावयाचे, तेच झाड आजच्या भाताची जागा घेत आहे.

शीतगृहातल्या बरणीत बी टिकते, पण शेतातल्या मिठाशी दरसाल नव्याने जुळवून घेण्याचा त्याचा क्रम तेथे थांबतो. म्हणून प्रत्येक कुळसंघाने लिलावाचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा, त्या रकमेतून बांधांची डागडुजी मृग निघण्यापूर्वी व्हावी आणि कोरगुट पेरणाऱ्यास वेगळा आधारभाव मिळावा, एवढे तरी सरकारने यंदा पाहावे.