लांब शब्दांची भीती कशाला?

इंग्रजीचा धडा वाचताना मूल छोटे शब्द भराभर वाचते, पण लांब शब्द आला की थबकते किंवा तो गिळून पुढे सरकते. ही सवय दहावीपर्यंत टिकली, तर पुढे मुलाखतीत तोंड उघडायचीच भीती वाटते. खरे तर यावरचा उपाय आपली मुले मक्तबमध्ये शिकलेली असतात. कायदा पढताना आधी हिज्जे, मग रवां. इंग्रजीलाही हेच लावू या.

पहिले काम, शब्द तोडणे. स्वराचा एक आवाज म्हणजे एक तुकडा. स्पेलिंगमधली अक्षरे नव्हे, आवाज मोजायचे. ‘एज्युकेशन’ टाळ्या वाजवत म्हणा : ए-ज्यु-के-शन. चार टाळ्या, चार तुकडे.

दुसरे काम, जोर शोधणे. मराठी-उर्दू बोलताना आपण सगळे तुकडे जवळपास सारख्याच वजनाने उच्चारतो. इंग्रजीत मात्र एक तुकडा ठसठशीत आणि बाकीचे हलके असतात. जोर चुकला की ऐकणाऱ्याला शब्द पटकन ओळखू येत नाही. तो शोधायला शब्दाचा शेवट पाहावा.

शेवटी ‘शन’ असेल तर जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर : ए-ज्यु-के-शनमध्ये ‘के’वर.

शेवटी ‘इक’ असेल तरी बहुधा तसेच : इ-लेक-ट्रिकमध्ये ‘लेक’वर.

शेवटी ‘इटी’ असेल तर शेवटून तिसऱ्यावर : इ-लेक-ट्रि-सि-टीमध्ये ‘ट्रि’वर, यू-नि-व्हर-सि-टीमध्ये ‘व्हर’वर.

म्हणजे शब्द वाढला की जोरही जागा बदलतो. अपवादही आहेत. आपण ‘अरेबिक’ म्हणतो, पण इंग्रजीत तो ॲ-र-बिक असून जोर पहिल्याच तुकड्यावर येतो. शंका आली तर उच्चार देणारा शब्दकोश उघडावा. बहुतेक शब्दकोशांत जोराच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते.

अनेक घरांत अम्मी म्हणतात, “आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?” पण टाळ्या मोजायला इंग्रजी लागत नाही. मगरिबनंतर धड्यातले पाच लांब शब्द मुलाकडून टाळ्या वाजवत तोडून घ्या. “जोर कुठे? का?” एवढेच विचारा. उत्तर त्याला शोधू द्या, मग अख्खा शब्द रवां म्हणवून घ्या. महिनाभर हे केले, तर लांब शब्द गिळायची सवय सुटू लागेल, इन्शाअल्लाह.