जवानांचे लैंगिक आरोग्य : शिस्त आणि संकोचाच्या कात्रीत

समलैंगिक संबंध आणि व्यभिचार हे गुन्हे नाहीत, असे दोन निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिले. लष्कराच्या छावण्यांत मात्र त्यांचे स्वागत झाले नाही. लष्कर परंपरावादी आहे, असे प्रकार तेथे चालू देणार नाही, अशी भूमिका तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी जानेवारी २०१९ मध्ये जाहीरपणे मांडली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये, व्यभिचाराविषयीचा निकाल सैन्यदलांच्या शिस्तविषयक तरतुदींना लागू नाही, असा खुलासा घटनापीठानेच केला.

सहकाऱ्यांमधील विश्वासावर तुकडीचे बळ अवलंबून असते, हा लष्कराचा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही. घरापासून महिनोन्‌महिने दूर असलेल्या जवानाला कुटुंबाची चिंता नसावी, हेही खरे. प्रश्न निर्माण होतो तो शिस्तीचा बडगा आरोग्याच्या आड येतो तेव्हा. शिक्षेची किंवा बदनामीची भीती असेल, तर जवान डॉक्टरकडे जाण्याचे टाळतो. आजार लपतो, पण थांबत नाही. रजेवर तो त्याच्यासोबत घरी पोहोचतो.

छावण्यांचा इतिहास हेच सांगतो. ब्रिटिश राजवटीत १८६४ च्या छावणी कायद्याने गोऱ्या सैनिकांसाठीच्या वेश्याव्यवसायावर सरकारी नियंत्रण आणले. नोंदणी, तपासणी आणि ‘लॉक हॉस्पिटल’मधील सक्तीचा मुक्काम महिलांच्या वाट्याला आला, सैनिकांवर तशी सक्ती नव्हती. इंग्लंडमधील टीकेनंतर १८८८ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली. तरीही १८९५ च्या सुमारास दर हजार गोऱ्या सैनिकांमागे गुप्तरोगांमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वर्षाला पाचशेहून अधिक होते. दोष एका पक्षावर ढकलून रोग आटोक्यात येत नाही, हा त्याचा धडा.

एचआयव्हीबाबत तर संकोचाची किंमत निर्दोष व्यक्तीलाही मोजावी लागते. ‘ऑपरेशन पराक्रम’च्या काळात, २००२ मध्ये, सांबा येथील लष्करी रुग्णालयात रक्त दिल्या गेलेल्या हवाई दलाच्या एका कर्मचाऱ्याला २०१४ मध्ये या संसर्गाचे निदान झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सुमारे दीड कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली; हवाई दल आणि लष्कर या दोघांनाही जबाबदार धरले. संसर्ग म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, हे या प्रकरणाने ठळकपणे दाखवले.

एचआयव्हीबाधितांशी नोकरीत भेदभाव करण्यास आणि संमतीविना त्यांची माहिती उघड करण्यास मनाई करणारा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तथापि, बराकीतील कुजबुज कायद्याने थांबत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर बोललेला शब्द वरिष्ठांच्या टेबलावर जाणार नाही, ही खात्री जवानाला मिळायला हवी. शिस्तीचे काम शिस्तीने करावे, उपचाराचे डॉक्टरांनी. ही फारकत झाली नाही, तर त्याची झळ सीमेवरच्या जवानाइतकीच गावी वाट पाहणाऱ्या त्याच्या पत्नीलाही बसेल.