धानोऱ्याचा तिरकमठा आणि कायद्याची यादी

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात ‘हत्यार’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. दारूगोळा, धनुष्यबाण, स्फोटके, बंदुका, गळ, सुऱ्या, जाळी, विष, फासे, सापळे अशी ती यादी आहे. तिचा क्रम इंग्रजी वर्णमालेचा आहे, आणि केवळ त्यामुळे बांबूची कामठी दारूगोळा आणि स्फोटके यांच्या मधोमध येऊन बसली आहे. पण योगायोग फक्त क्रमाचा आहे. धनुष्यबाण मुळात या पंगतीत कसा आला, यामागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो.

आधी त्या वस्तूकडे पाहू. मराठीत तिला तिरकमठा म्हणतात, गोंडीत धनुष्याला ‘विल’ हा शब्द आहे. तमिळमध्येही शब्द तोच. धानोऱ्याच्या जंगलात मुबलक असलेला बांबू म्हणजे मानवेल, आतून जवळजवळ भरीव. धनुष्याला पोकळ बांबू चालत नाही. वाकवला की तो चिरतो. भरीव बांबूची उभी चीर काढून, तासून, शेकून धनुष्य तयार होते. मध्य भारतात अनेक ठिकाणी दोरीही बांबूच्याच सालपट्टीची असते. पावसात सुती दोरी ओल धरते, ढिली पडते. बांबूची पट्टी तुलनेने कमी.

खरी निवड मात्र बाणाच्या टोकाची. पाखरासाठी बोथट लाकडी टोक, म्हणजे पाखरू आघाताने पडावे आणि त्याच्या चिंध्या होऊ नयेत. चितळ-भेकरासाठी पानासारखे रुंद लोखंडी पाते. यामागचे शास्त्र सोपे असले तरी निर्दय आहे. गोळी धक्क्याने मारते. बाण रक्तस्रावाने मारतो. म्हणून पाते जितके रुंद तितकी जखम मोठी. पण जितके रुंद तितके ते आत शिरायला अवघड, आणि हाताने ओढलेल्या साध्या धनुष्याचा जोर मर्यादित. सांबरासारख्या जाड कातडीच्या जनावरावर फार रुंद पाते वरवर कापून थांबते. काटेरी पाते जखमेतून निघत नाही आणि जनावर बाणासकट पळते. साधे पाते गळून पडले तरी रक्ताचा माग मोकळा ठेवते. अंतरही महत्त्वाचे. असा बाण भरवशाचा ठरतो तो वीस-पंचवीस पावलांच्या आत. तेवढ्या जवळ जायचे म्हणजे वारा कळला पाहिजे, पायाखालचे वाळके पान कळले पाहिजे, जनावराची वाट कळली पाहिजे. बाण सुटण्यापूर्वी शिकाऱ्याने मादी कोणती, पाडस कोणते, नर कोणता हे पाहिलेले असते, कारण त्या अंतरावरून ते न दिसणे शक्यच नसते.

१८६० च्या दशकात जेम्स फोर्सिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. कोणत्या जनावराला कोणत्या वजनाची गोळी, तिचा आकार काय, ती शरीरात कशी वागते, हा त्याचा विषय. हाच फोर्सिथ पुढे मध्य प्रांताच्या वनखात्यात अधिकारी झाला, आणि १८७१ मध्ये त्याचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यात गोंड आहेत, त्यांची जंगले आहेत, वाघ आहेत. धानोऱ्याचा गोंड शिकारी पात्याची रुंदी ठरवताना जो प्रश्न सोडवत होता, तोच प्रश्न फोर्सिथ गोळीबाबत सोडवत होता. एकाच्या उत्तराला शास्त्र म्हटले गेले. दुसऱ्याचे उत्तर वसाहती कागदपत्रांत ‘रानटी सवय’ या सदरात जमा झाले. इतिहासाच्या अभ्यासकांनी ही विषमता नुसती नोंदवून पुढे जाऊ नये, कारण पुढचे सारे कायदे याच विषमतेवर उभे राहिले.

१८७८ हे वर्ष त्या दृष्टीने निर्णायक. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. एक शस्त्रांचा: त्याच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणही नावानिशी आले. १८५७-५८ च्या उठावाला तेव्हा वीस वर्षे झाली होती. चांदा भागात बाबुराव शेडमाके यांना ऑक्टोबर १८५८ मध्ये फाशी दिल्याची आठवणही ताजीच असणार. दुसरा कायदा वनांचा: त्याने राखीव जंगलाची चौकट पक्की केली आणि शिकारीचे नियमन सरकारच्या हाती दिले. १९२७ च्या वन अधिनियमात ती तरतूद कायम राहिली. म्हणजे धनुष्य आधी बंडाचे हत्यार म्हणून संशयित झाले, नंतर जंगलातल्या चोरीचे हत्यार म्हणून. हरणांची संख्या मोजून कोणी तो निष्कर्ष काढलेला नव्हता.

‘हंगाम’ ही कल्पनाही तपासण्यासारखी आहे. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने हरणांसह काही प्राण्यांसाठी शिकारीचा बंद काळ ठरवण्याची सोय केली. इंग्लंडच्या जमीनदारी शिकारीतून आलेली ही रीत. गोंड-माडिया गावांतला हंगाम मात्र पंचांगापेक्षा सणाशी बांधलेला असे: पेरणीपूर्वी ‘विज्जा पंडुम’, म्हणजे बियाण्याचा सण, आणि त्याच्याशी जोडलेली गावाची सामूहिक पारध. पानगळ झालेली, पाणवठे थोडे उरलेले, शेतीची कामे सुरू व्हायची. ब्रिटिश साहेबाच्या दृष्टीने हाका घालून जाळ्यात जनावर धरणे किंवा पाणवठ्यावर दबा धरणे हे ‘खेळाच्या नीतीविरुद्ध’ होते. गमतीची गोष्ट अशी की साहेबाच्या स्वतःच्या शिकारीतला हाका याच गावांतली माणसे, पुष्कळदा बेगारीत, घालत असत. महेश रंगराजन यांनी मध्य प्रांताच्या वनेतिहासावरील आपल्या ग्रंथात आणि जॉन मॅकेन्झी यांनी साम्राज्य व शिकार यांच्यावरील पुस्तकात ‘शिकारी’ आणि ‘चोरटा शिकारी’ हे दोन शब्द कसे वेगळे झाले याची चर्चा केली आहे. तीच विभागणी धनुष्याच्या बाबतीत शब्दशः लागू पडते.

तरीही धानोऱ्यात तिरकमठा टिकला, ताडोब्याच्या बाजूपेक्षा अधिक काळ टिकला, याचे कारण महसुली नकाशात आहे. धानोरा, रांगी, मुरूमगाव, दुधमाळा या सगळ्या जुन्या चांदा जिल्ह्यातल्या जमीनदाऱ्या. तिथले जंगल जमीनदाराचे. सरकारी राखीव जंगलाचे नियम तिथे थेट चालत नसत. जमीनदाराची आपली वसुली आणि बेगार होतीच, तेव्हा तो काळ सुखाचा मानू नये. पण वनरक्षकाची रोजची नजर तिथे नव्हती. १९५१ मध्ये जुन्या मध्य प्रदेश राज्याच्या कायद्याने जमीनदाऱ्या संपल्या आणि ही जंगले वनखात्याकडे गेली. स्वातंत्र्याने जमीनदार हटवला आणि त्याच फटक्यात गावाला वनखात्यापुढे उभे केले. पुढे इथला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला गेला. कायद्याच्या भाषेत तेव्हा बांबू हे ‘झाड’ होते, म्हणून सरकारी. म्हणजे जंगलातून कामठीपुरता बांबू तोडणाराही गुन्हेगार, आणि त्या कामठीने हरीण मारणारा तर दुप्पट.

मग या जंगलांतली हरणे कमी केली कुणी? एका धनुष्याने ती कमी होत नाहीत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण कालक्रम पाहावा. मोठी घसरण ठिकठिकाणी नोंदली गेली ती बंदुका स्वस्त झाल्यावर, पीकसंरक्षणाच्या नावाने परवाने वाटल्यावर, दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आणि झगझगीत दिवे जंगलात शिरल्यावर. १९५० आणि ६० च्या दशकांत नागपुरातूनही परदेशी पाहुण्यांसाठी वाघाच्या शिकारीच्या मोहिमा निघत. वाघाची शिकार १९७० मध्ये बंद झाली. १९७२ च्या मूळ कायद्यात तर मोठ्या आणि लहान शिकारीचे परवाने कायम होते. ते संपूर्णपणे गेले १९९१ च्या दुरुस्तीने. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे कागदोपत्री परवानाधारकाला शिकारीची वाट उघडी होती. बंदुकीचा परवाना, शुल्क, अर्ज, कचेरीच्या खेपा हे सगळे ज्याला जमेल त्याला. ती वाट रांगीच्या गोंडासाठी नव्हती.

अमेरिकेतला इतिहास याच्या अगदी उलट वळणाने गेला, आणि तो इथे आठवणे उपयोगी आहे. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा ईशी हा माणूस १९११ मध्ये एकटाच जंगलाबाहेर आला. त्याची जमात गोऱ्या वसाहतकारांनी संपवलेली होती. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य करायला आणि त्याने शिकार करायला शिकला. ईशी १९१६ मध्ये वारला. पोपने १९२३ मध्ये त्या विषयावर पुस्तक लिहिले आणि आधुनिक धनुष्य-शिकारीचा छंद तिथून फोफावला. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्यबाणासाठी हरणांचा वेगळा हंगाम जाहीर केला. आज अनेक राज्यांत पात्याची किमान रुंदी, धनुष्याचा किमान जोर हे नियमांत लिहिलेले असतात, कारण अपुऱ्या पात्याने जनावर जखमी होऊन भटकत राहते. ज्याच्याकडून विद्या घेतली त्याचा वंश उरला नाही, आणि विद्या कायद्याच्या कलमांत जाऊन बसली. भारतात माणसे उरली, विद्या गुन्ह्यात गेली. दोन्हींपैकी कशालाही न्याय म्हणता येणार नाही.

याच देशाने १९८० च्या दशकात आदिवासी भागांतून तिरंदाज शोधण्याची योजना आखली. राजस्थानचा लिंबा राम त्यातून पुढे आला आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये खेळला. मैदानावर अभिमान आणि जंगलात पंचनामा, असे हे दुहेरी धोरण. एकाच सरकारची दोन खाती एकमेकांशी बोलत नसत, एवढेच त्याचे स्पष्टीकरण पुरेसे नाही.

इथे आक्षेप येतो: म्हणजे पुन्हा शिकार सुरू करायची का? नाही. आजची जंगले १८५४ ची नाहीत. तुटक झाली आहेत, आणि चितळ हे वाघाचे अन्न आहे. शिवाय जुनी पारध ही संयमाची शाळा होती असेही समजू नये. उन्हाळ्यातल्या सामूहिक हाक्यात जे समोर येई ते मारले जाई, पाणवठ्यावर गाभण मादीही मरत असे. तिरकमठ्याचा गौरव करताना हे झाकणे म्हणजे साहेबाच्या तिरस्काराच्या जागी शहरी भाबडेपणा बसवणे. आणि गावांनीही तिरकमठा कधीच थोडाफार बाजूला ठेवला आहे. तोंडातून दारू ठासायच्या भरमार बंदुका गडचिरोलीच्या गावागावांत होत्या. पोलिसांच्या आवाहनावरून त्या जमा करण्याचे कार्यक्रम अलीकडे होत असतात.

प्रश्न वेगळा आहे. आज चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात जनावरे मारली जातात ती पुष्कळदा शेताकडेने सोडलेल्या विजेच्या जिवंत तारेने. तार रात्री लावायची आणि सकाळी जायचे. तिला चितळ आणि वाघ सारखेच, पाडस आणि नर सारखेच. कधी कधी त्याच तारेने माणूसही जातो. बाण निवडावा लागतो, तार निवडावी लागत नाही. कायद्याच्या यादीत मात्र दोन्ही एकाच वाक्यात बसतात, कारण ती यादी साधनांची आहे. साधन वापरणाऱ्याला काय काय माहीत असावे लागते याची ती नाही. जनावराचे लिंग, वय, वाट, वारा, जखमेनंतरचा माग हे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांना दीडशे वर्षे केवळ आरोपी म्हणून पाहिले गेले. त्यांना मोजणीला, गस्तीला, माग काढायला जेव्हा घेतले जाते, तेव्हाही बहुधा रोजंदारीवर.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बरेच बदलले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. कामठीचा बांबू आता चोरीचा राहिला नाही. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात परंपरेने चालत आलेले इतर हक्क मान्य करताना शिकारीचा व फासे लावण्याचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. आणि पाचव्या कलमात वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. वगळणे समजण्यासारखे आहे. खटकते ते हे की वगळण्याचा निर्णय ग्रामसभेकडून आला नाही. १९७२ च्याच कायद्याच्या ६५ व्या कलमात निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींच्या शिकारहक्कांना बाधा येणार नाही असे म्हटलेले आहे, म्हणजे कायद्याला स्थळकाळ पाहून वेगळे बोलता येते.

धानोऱ्याच्या ग्रामसभांनी स्वतः बसून विचार केला तर त्या बहुधा बंदीच कायम ठेवतील, काही प्राणी व काही महिने तर नक्कीच. पण ती त्यांची बंदी असेल. तारेवर लक्ष ठेवणारीही तीच माणसे असतील. तोपर्यंत एक काम वनखात्याच्या किंवा न्यायालयाच्या परवानगीवाचून करता येण्यासारखे आहे: तालुक्यातल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांकडून पात्यांची नावे, त्यांची मापे, कोणते पाते कोणत्या जनावराला आणि कोणत्या जनावराला मुळीच नाही, हे गोंडीत आणि मराठीत लिहून घेणे. फोर्सिथच्या गोळ्यांची मापे दीडशे वर्षांपूर्वीच छापली गेली आहेत.