कोणता पडदा बिघडला?



इतवारीतील अनेक पेढ्यांचे हिशेब आजही वयस्कर मुनीमजींच्या हाती आहेत. लाल कापडी बांधणीच्या वह्या गेल्या, त्यांच्या जागी टॅली आणि एक्सेल आले. परंतु ताळा जमेपर्यंत जागेवरून न उठणारी माणसे तीच राहिली. अशाच एका अडुसष्ट वर्षांच्या मुनीमजींची हकीकत आज सांगतो.

गुडघ्यांमुळे पेढीचे जिने चढणे अशक्य झाल्यापासून ते तीन दुकानांचे हिशेब घरी बसून लॅपटॉपवर पाहतात. बारीक अक्षरांचा त्रास होतो म्हणून त्यांच्या पुण्याच्या मुलाने दिवाळीत चौतीस इंची, लांबट असा अल्ट्रावाइड मॉनिटर पाठवला. पंधरा दिवसांनी मुनीमजी माझ्यासमोर बसले होते. दुपारनंतर कपाळ ठणकते, आकडे फुगीर आणि पुसट दिसतात, आठ आणि तीन यांत गल्लत होते. शेवटी हळूच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, डोळे गेले म्हणायचे. मार्चअखेर झाली की काम सोडतो. घरात अजून बोललो नाही.”

रक्तदाब आणि साखर तपासून मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. चष्म्याचा नंबर जुनाच निघाला. मोतीबिंदूची नुकती सुरुवात होती आणि डोळ्यामागचा पडदा निरोगी होता. तरीही तक्रार कायम राहिली. पुढे त्यांच्या पत्नीला पाहण्यासाठी घरी गेलो असता तो मॉनिटर दिसला. त्यावर पुण्याच्या नातवाशी बोलणे चालू होते आणि मुलाचा गोल चेहरा भोपळ्यासारखा आडवा पसरला होता. मी मुनीमजींना एक एक डोळा झाकायला सांगितले. दोन्ही डोळ्यांना चेहरा तसाच दिसत होता, आणि मलाही! मग भिंतीवरच्या गोल घड्याळाकडे पाहायला सांगितले. ते अगदी गोल होते. बिघाड डोळ्यामागच्या पडद्यात नव्हता, टेबलावरच्या पडद्यात होता.

त्याचे कारण समजून घेऊ. मॉनिटरचे चित्र बारीक ठिपक्यांनी बनलेले असते आणि त्या ठिपक्यांची संख्या कारखान्यातच ठरते. चौतीस इंची अल्ट्रावाइडमध्ये बहुधा आडवे ३४४० आणि उभे १४४० ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे ४९ लाख ५० हजार. लॅपटॉप मात्र १९२० बाय १०८० चे, म्हणजे सुमारे २० लाख ७० हजार ठिपक्यांचे चित्र पाठवत असेल, तर मॉनिटर तेच ताणून आपली जागा भरतो. त्यामुळे अक्षरांच्या कडा विरघळतात आणि आकार सुमारे एक तृतीयांशाने अधिक रुंद दिसतात. चित्रच अस्पष्ट असेल तर कोणत्याही नंबरचा चष्मा ते स्पष्ट करू शकत नाही. माणूस डोळे बारीक करतो, मान पुढे काढतो आणि संध्याकाळी डोकेदुखीची गोळी मागतो. डोळा त्याने कायमचा अधू होत नाही, पण मन मात्र खचते.

घरातील तरुण मंडळींनी पुढील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात.

पहिली गोष्ट, विंडोज चिन्हाची कळ आणि ‘पी’ ही कळ एकत्र दाबावी. ‘डुप्लिकेट’ निवडलेले असल्यास दोन्ही पडद्यांवर एकच चित्र जाते आणि बहुधा लॅपटॉपच्या लहान पडद्याचे माप मोठ्यावर लादले जाते. त्याऐवजी ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडावे.

दुसरी गोष्ट, सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या मार्गाने जाऊन मोठा पडदा निवडावा आणि ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’मध्ये मॉनिटरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेला आकडा निवडावा.

तिसरी गोष्ट, तो आकडा यादीत दिसतच नसेल तर वायर आणि जोडणी तपासावी. जुनी व्हीजीए वायर आणि स्वस्तातले कन्व्हर्टर बऱ्याचदा येथेच अडतात. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीवर पूर्ण आकडा मिळाला तरी चित्र अनेकदा सेकंदाला ३० किंवा ५० वेळाच बदलते आणि माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ आणि त्यापुढील जोडणी ६० वेळा सहज पेलते; मात्र लॅपटॉप, वायर आणि मॉनिटर या तिघांचीही तेवढी क्षमता हवी. यूएसबी-सीचे प्रत्येक छिद्र चित्र वाहून नेत नाही. काही केवळ चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात त्या छिद्रासाठी ‘डिस्प्लेपोर्ट’ हा उल्लेख आहे का, ते वायर विकत घेण्यापूर्वी पाहावे.

मुनीमजींच्या घरी दोन दोष निघाले. ‘डुप्लिकेट’ बदलले तरी यादी १९२० वरच थांबली होती, कारण मध्ये एक जुना कन्व्हर्टर होता. अभियांत्रिकी शिकणाऱ्या त्यांच्या भाच्याने तो काढून यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी थेट वायर जोडली. ३४४० बाय १४४० हा आकडा आला आणि अक्षरे छापील पुस्तकासारखी रेखीव झाली. पण मुनीमजी म्हणाले, “स्वच्छ आहे, पण फारच बारीक!”

नेमक्या याच ठिकाणी बहुतेक घरांत चूक होते. अक्षरे मोठी व्हावीत म्हणून रिझोल्यूशन कमी केले जाते आणि पुसटपणा परत येतो. रिझोल्यूशन पूर्णच ठेवावे आणि त्याच पानावरील ‘स्केल’ वाढवून १२५ किंवा १५० टक्के करावे. त्यामुळे अक्षर मोठेही होते आणि रेखीवही राहते. मुनीमजींना १५० टक्के मानवले.

आता माझ्या व्यवसायातील चार गोष्टी. चौतीस इंची पडदा सुमारे ८० सेंटिमीटर रुंद असतो. रोजचे काम मध्यभागी ठेवावे आणि क्वचित लागणारे कागद कडेला. अन्यथा मणक्याची झीज असलेल्यांची मान दिवसभर डावी-उजवीकडे फिरत राहते. पडदा हातभर अंतरावर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. दुहेरी भिंगाचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्यावा, नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी सतत वर राहते आणि मान आखडते. पडद्याच्या अंतरासाठी स्वतंत्र चष्मा करून घेणे अनेकांना सोयीचे पडते. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते; त्यात आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर असला की डोळे कोरडे पडून चुरचुरतात. झोत बाजूला वळवावा आणि दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूरवर पाहावे.

एक इशारा मात्र ठळकपणे लक्षात ठेवा. मुनीमजींना मी आधी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले आणि नंतर वायरकडे पाहिले. हा क्रम उलटा करू नका. गणिताच्या वहीचे चौकटींचे पान घ्या, मध्यभागी एक ठिपका काढा, वाचनाचा चष्मा लावून एक डोळा झाका आणि दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहा. मग डोळे बदला. कागदावरच्या सरळ रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधला भाग पुसट वाटला तर तो संगणकाचा दोष नाही; एक-दोन दिवसांतच नेत्रतज्ज्ञ गाठावा. अचानक दृष्टी जाणे, प्रकाशाच्या ठिणग्या, नवे तरंगते काळे ठिपके, पडदा ओढल्यासारखी सावली, लाल डोळ्यासह तीव्र वेदना आणि उलट्या, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी आणि चावताना दुखणारा जबडा, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. इतवारीकरांना मेयो रुग्णालयाचा नेत्रविभाग जवळच आहे.

आणि मुलाबाळांना एक विनंती. दूरच्या शहरातून वस्तू पाठवलीत, हे चांगलेच केलेत. पण ती जोडून झाल्यावर आईवडिलांच्या शेजारी दहा मिनिटे बसा, आणि ते शक्य नसेल तर फोनवर विचारा, “बाबा, माझा चेहरा गोल दिसतो का?” वयस्कर माणूस यंत्राला सहसा दोष देत नाही, तो स्वतःच्या वयाला दोष देतो आणि गप्प राहतो. आमच्या मुनीमजींनी काम सोडण्याचा विचार सोडला आहे. मार्चअखेरची तयारी चालू आहे आणि मोतीबिंदूची पुढची तपासणी एप्रिलमध्ये ठरली आहे.